खिरापतीचे गणित

किशोरवयीन मुलामुलींच्या पार्टीला खायला काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे केक, वेफर्स आणि थंड पेयांच्या बाटल्यांबरोबर आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींनी संध्याकाळी जमायचे, खेळायचे, गायचे आणि शेवटी काहीतरी चटकदार खाऊन घरी जायचे, ही रीत महाराष्ट्रात भोंडल्याच्या रूपाने कितीतरी आधीपासून चालत आली आहे. पुण्या-नाशकाकडे भोंडला, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा, विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. नावे वेगळी, दैवते थोडी वेगळी, दिवसही वेगळे. भोंडला घटस्थापनेला सुरू होतो. हादगा सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, बसतो आणि काही घरी सोळा दिवस चालतो. भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुक्कामाला असते. पण या सगळ्यांत खिरापत मात्र सामाईक आहे. गाणी संपली की झाकण लावलेला डबा पुढे येतो, आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे, आणि मग तो उघडायचा. खिरापत साधी का राहिली, याचे उत्तर सहसा गरिबीत किंवा धार्मिक व्रतात शोधले जाते. माझ्या मते ते या ओळखण्याच्या खेळात आहे. खेळाने खाण्याला जे नियम घालून दिले, त्यांतून एक नेमका, स्वस्त आणि सतत बदलणारा बेत तयार झाला. जिथे खेळ सुटला तिथे बेतही बिघडला.

या म्हणण्याची पहिली कसोटी आपल्याच इतर रिवाजांत सापडते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. संक्रांतीला तिळगूळ. मंगळागौरीच्या जागरणाला भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ. कोजागरीला आटीव दूध. बायकामुलींच्या या जमण्यांना ठरलेला पदार्थ आहे, आणि तो ठरलेला असण्यातच त्याची शोभा आहे. आंबेडाळीऐवजी कोणी बटाटेवडा ठेवला तर पाहुण्या खातील, पण घरी जाताना बोलतील. काटकसर किंवा परंपरा एवढेच कारण असते तर भोंडल्यालाही असाच एखादा पदार्थ कायमचा चिकटला असता, आणि लाह्या-गुळावर काम भागले असते. तसे झाले नाही. खिरापतीला नेमून दिलेला पदार्थ नाही. उलट काल झालेला पदार्थ आज चालत नाही. आपल्या सणांच्या खाण्यात इतकी मोकळीक क्वचितच दिसते, आणि तिचे कारण धर्मशास्त्रात मिळणार नाही. डब्यात काय आहे हे ओळखायचे असेल तर डब्यात काहीही असू शकले पाहिजे, एवढे साधे ते कारण आहे.

खेळाचे बाकीचे नियमही तपासण्यासारखे आहेत. मुलींचा घोळका एकाच घरी थांबत नसे. वाड्यात किंवा आळीत एका संध्याकाळी चार-पाच घरी पाट मांडले जात, पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढला जाई, आणि प्रत्येक घरी फेर धरून गाणी होत. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी. कित्येक घरी खिरापतींचीही संख्या याच हिशेबाने वाढे आणि शेवटच्या दिवशी ताट भरून जाई. एका मुलीला एका संध्याकाळी चार-पाच घरचे खायचे आहे म्हटल्यावर प्रत्येक घरचा वाटा मुठीएवढाच असणार. पोट भरणे ही कोणा एका घराची जबाबदारी नव्हतीच. वीस मुली, मूठ मूठ खाऊ आणि पुढे उभे असलेले आणखी आठ दिवस, हे गणित सोडवायचे तर पदार्थ असा हवा की जो थोडक्यात पुष्कळ दिसेल. चुरमुरे, लाह्या आणि पोहे इथे कामाला आले ते यामुळे. पाव किलो चुरमुऱ्यांनी मोठे पातेले भरते. त्यात शेंगदाणे, डाळे आणि खोबऱ्याचे काप पडले की वीस जणींची सोय होते. सांगली-कोल्हापूरकडच्या भडंगाला हादग्यात मान मिळाला तो चवीमुळे खराच, पण पातेले भरण्याचा गुणही त्यामागे आहे.

दुसरी अट ताटवाटीची. अंगणात उभ्याने खायचे, हात धुवायला पाणी लांब, आणि पुढच्या घरी जायची घाई. म्हणून पदार्थ तळहातावर मावणारा हवा. रस्सा, आमटी, भात बाद. उसळ चालली ती कोरडी असेल तरच. वडी हा खिरापतीचा लाडका आकार झाला: नारळाची, कोथिंबिरीची, पाटवडी, गूळपापडी. लाडूही चालले, पण लहान बांधलेले. तिसरी अट आवाजाची आणि वासाची, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. डबा हलवून पाहायची मुभा असते. चुरमुरे खुळखुळतात, लाडू गडगडतात, शंकरपाळे खडखडतात, वडी गप्प बसते. घरची बाई मग डब्यात फडके घालून आवाज दाबते, किंवा मुद्दाम दोन फुटाणे टाकून फसवते. ज्या पदार्थाचा घमघमाट तीन घरे जातो तो इथे निरुपयोगी. तळणीचा वास लपत नाही, म्हणून तळायचे ते दुपारीच उरकून ठेवायचे. गोड की तिखट, एवढ्या एका प्रश्नावर ओळखता येईल असा पदार्थ करणाऱ्या घराची पोरी थट्टा करत.

या थट्टेत एक सामाजिक व्यवहार दडलेला आहे. आपल्याकडे पंगतीत घराची प्रतिष्ठा तुपाच्या धारेवर मोजली जायची. कोणी किती पक्वान्ने केली, जिलबी किती फिरली, हे वर्षानुवर्षे सांगितले जाई, आणि त्यापायी कर्जेही होत. खिरापतीत प्रतिष्ठा मिळे ती न ओळखता आलेल्या डब्याला. श्रीखंडाची वडी पहिल्याच फटक्यात ओळखली गेली तर तिच्या साखरेचा काही उपयोग नाही. काकडीचे मीठ-मिरची लावलेले काप कोणालाच ओळखता आले नाहीत तर त्या घराने बाजी मारली. उकडलेले रताळे, फोडणीच्या पोळीचा कुस्करा, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजलेल्या मक्याचे दाणे, ओल्या शेंगा असल्या बिनखर्चाच्या वस्तूंना खिरापतीत जागा मिळाली, कारण त्यांच्याकडे कोणाचा संशय जात नसे. हस्ताच्या दिवसांत भुईमुगाच्या शेंगा, मका आणि काकडी शेतातून येतातच. त्यांना पैसे पडत नाहीत. खर्च वाढवून खेळ जिंकता येत नाही, हा नियम मुलींच्या पार्टीला ज्याने कोणी घातला त्याने आईबापांवर उपकारच केले.

यावर पहिला आक्षेप असा की खिरापत हा प्रसाद आहे आणि तिचा साधेपणा हा प्रसादाचा साधेपणा आहे. गणेशोत्सवात आरतीनंतर वाटली जाणारी खोबरे-साखरेची खिरापत पाहता हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण प्रसादाला सोवळे लागते, नैवेद्य दाखवावा लागतो, आणि मोदक कोणाला कधी ओळखायला सांगत नाहीत. भोंडल्याच्या हत्तीपुढे गाणी म्हणतात. त्याच्यापुढे पानात वाढून पळी फिरवायचा आग्रह फारसा नसतो. भुलाबाई-भुलोजींची मात्र मूर्ती असते, पूजा असते, आणि तिथे प्रसादाची भावना अधिक आहे हे मान्य करायला हवे. तरीही विदर्भात आणि खानदेशात मुली खाऊचा डबा हलवूनच पाहतात. दैवत पाटावर असो की मखरात, डब्याचा खेळ दोन्हीकडे सारखाच रंगतो, आणि पदार्थाची निवड तोच करतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हा सगळा जातीच्या चौकटीतला खेळ होता, मग त्याचे कौतुक कशाला? हे नाकारून चालणार नाही. वाड्यातल्या भोंडल्याला वाड्यातल्या आणि आळीतल्या मुली येत, आणि आळ्या बहुधा जातीवार वसलेल्या असत. कोणाच्या घरचे काय खायचे याचे नियम कडक होते. पण याच नियमांनी खिरापतीला आणखी एका बाजूने आकार दिला. भात, पोळी, भाजी हे शिजवलेले अन्न खरकटे. लाह्या, चुरमुरे, फुटाणे, खोबरे, गूळ, फळे, दूध हे खरकट्यात न मोडणारे. जे खरकटे नाही ते दुसऱ्या घरी चालण्याची शक्यता अधिक. कोरड्या खाऊचा जो भरणा खिरापतीत दिसतो, त्याचे एक कारण हे आहे, आणि ते सुखद नाही. खेळाने सोवळेओवळे मोडले असा माझा दावा नाही. जिथे त्याला फट होती तिथून हा खेळ वाट काढत गेला, इतकेच म्हणता येते. हादगा आणि भुलाबाई शेतकरी घरांतही तितक्याच हौसेने खेळली जाई, म्हणून त्यांना एका जातीचा वारसा म्हणणेही चुकीचे ठरते.

मुलींच्या वयाचा प्रश्न मात्र इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण किशोरवय नावाचा काळच मुलींच्या वाट्याला फार उशिरा आला. एकोणिसाव्या शतकात आठ-दहाव्या वर्षी लग्न होई. १८९१ च्या कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले तेव्हा केवढे रण माजले, ते पुण्याला चांगले ठाऊक आहे. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. तोवर भोंडला खेळणाऱ्या मुली दोन प्रकारच्या: एक, अगदी लहान, दुसऱ्या, लग्न होऊन माहेरी आलेल्या. गाण्यांत सासू, नणंद, जाऊ यांची जी गर्दी आहे ती त्यामुळे. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला आधी कारल्याचा वेल लावायला आणि मग त्याची भाजी होईपर्यंत थांबायला सांगणारी सासू ज्या वयाच्या मुलींनी गायली, त्यांना ती कल्पनेतली वाटत नसणार. आणि वेड्या नवऱ्याचे ते गाणे पाहा: बायको करंज्या करते तर तो त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू करते तर चेंडू समजतो. हसून लोळायला लावणारे हे गाणे मुळात पक्वान्नांची यादी आहे. ज्या घरात सुनेला तो लाडू मनासारखा खाता येईलच याची खात्री नव्हती, त्या घरच्या मुलींनी ती यादी गायची आणि मग मूठभर खिरापत खायची. खिरापतीला आनंदाचा रंग आहे तो या पार्श्वभूमीवर.

पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत शाळा वाढल्या, लग्नाचे वय वर सरकले, आणि चौदा-पंधरा वर्षांची अविवाहित, शाळेत जाणारी मुलगी शहरात संख्येने दिसू लागली. भोंडला तिच्यामागोमाग शाळेच्या पटांगणावर गेला. तिथे पाट एक, हत्ती एक आणि मुली दोनशे. घरोघरी फिरणे संपले आणि डबे घरून आणले जाऊ लागले. खिरापतीच्या इतिहासातला मोठा बदल हाच, कारण वेगवेगळ्या आळींतल्या, वेगवेगळ्या जातींच्या मुलींचे डबे एकाच सतरंजीवर उघडले. वाड्याने जे कधी केले नसते ते वर्गाने केले. ओळखण्याचा खेळ वर्गात टिकला, किंबहुना वाढला. पन्नास डबे म्हणजे पन्नास कोडी.

पदार्थांच्या बाजूने पाहिले तर खिरापत परंपरेची राखण करणारी कधीच नव्हती. जे नवे येईल ते तिने उचलले, कारण नवे म्हणजे ओळखायला अवघड. भुईमूग, मिरची, बटाटा, मका हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. पूर्वी साबुदाणा आग्नेय आशियातून येई, दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटली आणि तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तो बनू लागला. नवरात्राच्या उपासाला आज जी खिचडी सनातन वाटते तिच्यातले तूप, जिरे आणि मीठ सोडले तर फारसे काही इथले नाही. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि शंकरपाळे-चकल्या मध्यमवर्गीय घराला परवडू लागल्या. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले, साखर मोजून मिळू लागली. अशा टंचाईत ज्या समारंभाचे खाणे साखरेच्या राशीवर उभे असेल तो अडचणीत येतो. ज्याला फुटाणे आणि गूळही चालतो तो तरतो. पुढे छापील पाककृतींनी वेगळी मदत केली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापाने सांगितलेली कृती हाती आली की आईकडून न शिकलेली वडीही करून पाहता येते, आणि नऊ दिवसांत नऊ वेगळे पदार्थ काढायचे असतील तर अशा पुस्तकाची पाने तेलकट होणारच.

आता एक आक्षेप असा उरतो की रांधायच्या आया, खायच्या मुली. मग ही मुलींची पार्टी कसली? स्वयंपाक आईचा होता हे खरे. पण बेत दोघींचा होता. घरच्या मुलीला डब्यातले गुपित ठाऊक असे आणि तिने ते दिवसभर शाळेत, विहिरीवर, खेळताना जपायचे असे. काल कोणाकडे काय झाले, परवा कोणी काय ओळखले, कोणती मैत्रीण वासावरून पकडते, ही सगळी माहिती तिच्याकडे. ती आणल्याशिवाय आईला बेत ठरवता येत नसे. किती जणी येणार, किती पुरेल, कोणाचा उपास आहे, एवढा हिशेब बारा वर्षांची मुलगी करू लागे. आजच्या भाषेत याला नियोजन म्हणतील. पण मुलांना यातून काही मिळाले नाही, ही बाजू उणीच राहिली. मुलगे ओट्यावर बसून चिडवायचे आणि उरलेल्या खिरापतीवर हात मारायचे, एवढाच त्यांचा सहभाग.

१९८० नंतरचा काळ झपाट्याने सांगता येईल, कारण त्यात खाणे वाढले आणि खेळ कमी झाला. वाडे पडले, सोसायट्या झाल्या. बेकरीतले पॅटिस आणि क्रीमरोल डब्यात आले. १९८३ मध्ये मॅगी आली आणि तीही काही वर्षे खिरापतीत शोभून गेली, कारण तेव्हा ती ओळखता येत नव्हती. इथवर काहीच बिघडले नव्हते. बिघडले ते केटररच्या पातेल्यांनी. एका संध्याकाळी एकच महाभोंडला, त्यात नऊवारी नेसलेल्या आयाच पुष्कळ, आणि शेवटी टेबलावर पावभाजी. पावभाजीला मुलांची ना नाही, पण तिचा वास गाण्यांच्या आधीच जिन्यात पोचतो. विचारायला काही उरत नाही. पोट भरणारी डिश आली की खर्चाची तुलना आली, गेल्या वर्षी किती, यंदा किती, आणि ज्या स्पर्धेला डब्याच्या झाकणाने दूर ठेवले होते ती मागच्या दाराने आत आली. याउलट परदेशात, विशेषतः अमेरिकेत, जिथे १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि गावोगावची मंडळे शनिवार-रविवारी भोंडला करतात, तिथे घरोघरून डबे आणण्याची पद्धत पुन्हा दिसते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे काय घातले ते आधी सांगावे लागते, ही तिथली नवी अडचण. कोड्याचा निम्मा जीव त्यातच जातो. तरी डबा घरचा आहे, आणि वाटा मुठीएवढा आहे.

साधेपणाचे हे गुणगान म्हणजे जुन्या काळाची हळहळ नव्हे. चौदाव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलींचा काळ कोणी परत मागू नये. पण त्या काळाने मुलींच्या जमण्यासाठी जो बेत घडवला तो आजच्या दहावीतल्या मुलामुलींनाही चालेल, कारण या वयाला पोटभर जेवणापेक्षा चिडवाचिडवी अधिक आवडते. अभ्यासकांनी भोंडल्याच्या गाण्यांकडे पुरेसे लक्ष दिले आहे. सरोजिनी बाबरांसारख्यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून स्त्रीगीतांची मोठी संग्रहणे केली. खाण्याची नोंद मात्र जाता जाता, एखाद्या ओळीत होते. ज्यांच्या घरी सत्तरी-ऐंशीतल्या बाया आहेत त्यांनी या नवरात्रात वही घेऊन बसावे आणि त्यांच्या लहानपणच्या खिरापती लिहून काढाव्यात: गाव, साल, पदार्थ, प्रमाण, आणि कोणता डबा कोणालाच ओळखता आला नव्हता, ते.